दाजींचा घडीचा चाकू : पोलाद, हार्डनेस आणि बाकी भानगडी

९ जून २०२४

दाजींनी चाकू टेबलावर उघडाच ठेवला, कारण तो मिटतच नव्हता. टोक दीड सेंटिमीटर गायब, पातं खिळ्यावर डावीकडे-उजवीकडे डुलतंय आणि धार अशी की नखावर ठेवली तर घसरावी. तासगावच्या आठवडी बाजारात घेतलेला, पात्यावर 'स्टेनलेस' एवढंच कोरलेलं.

"तू डायला पोलाद निवडतोस न्हवं? मग मला एक चाकू कर की. मोडला न्हाई पायजे."

त्यांना विचारलं, काय काय कापता याने. ड्रिपची १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), सुतळी, खताच्या पिशव्या, बांबूच्या कामट्या. पिठ्या ढेकणासाठी द्राक्षाच्या खोडाची साल खरवडणं. लॅटरलचं ग्रोमेट (जोडावरची रबरी कडी) उचकटून काढणं. हे शेवटचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. टोक कुठे गेलं ते कळलं.

छाटणीला सिकेटर असतोच, त्यामुळे चाकूच्या वाट्याला सगळी आडदांड कामं येतात.

दुपारी शेडमध्ये बुडाकडच्या सपाट जागेवर रॉकवेल घेतला, म्हणजे मशीनवर हार्डनेस (कठीणपणा) मोजला. ५२ एचआरसी, म्हणजे रॉकवेलचे ५२ मार्क. म्हणजे धार मोडण्याआधी लवणार आणि लवली की बोथट. टोक मात्र तुटलं. ५२ चं पोलाद इतक्या सहज तुटायला नको. तुटल्या जागी भिंगातून पाहिलं तर टोकाशी पातं जेमतेम ०.६ एमएम उरलेलं. घासून घासून पातळ केलेलं टोक घेऊन ग्रोमेट उचकटलं तर पोलादाला दोष देता येत नाही.

१६ जून २०२४

आज फक्त आकडेमोड. चाकूच्या जाहिरातीत '६० एचआरसी', '६२ एचआरसी' असं तोऱ्यात लिहितात, जणू बारावीचे टक्के. मशीन नेमकं मोजतं काय? १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, आधी १० किलोचा भार, मग एकूण १५० किलो. भार काढल्यावर शंकूचा खड्डा किती खोल राहिला ते मोजायचं आणि दर २ मायक्रॉनला एक मार्क १०० मधून वजा करायचा. ५८ म्हणजे ८४ मायक्रॉन, ६१ म्हणजे ७८. ज्या तीन मार्कांवरून भांडणं होतात ते एवढे, ६ मायक्रॉन.

तरीही त्या सहा मायक्रॉनने फरक पडतो, हे पंच (डायबरोबर पत्रा कापणारं हत्यार) करताना रोज दिसतं. पण पंचाला कोणी उचकटायला वापरत नाही.

नव्या चाकूचा आराखडा : पातं ८५ एमएम लांब, ३ एमएम जाड, सरळ उताराचं. धारेमागे ०.५ एमएम, धार प्रत्येक बाजूला २० अंश. लॉक पाठीवरचा : मुठीच्या मागच्या पट्टीचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतं. लायनर लॉक (मुठीच्या आतल्या पातळ पट्टीचा) करायला सोपा, पण मातीचे हात आणि घाम यांत पाठीवरचाच बरा.

पोलादाचे दोन उमेदवार, दोन्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात चालत जाऊन मिळणारे. ईएन-३१, म्हणजे बेअरिंगचं : कार्बन १ टक्का, क्रोमियम दीड टक्का. आणि डी-२ : कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२. दुकानात नुसतं 'एचसीएचसीआर' (हाय कार्बन हाय क्रोमियम) मागितलं तर डी-३ पण हातात पडतो, त्यात कार्बन २ टक्क्यांच्या वर. डायला ठीक, चाकूला अजिबात नाही. ग्रेड बघूनच घ्यायचा.

परदेशात या कामासाठी मॅग्नाकट वगैरे पावडरची पोलादं आली आहेत. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये आणलेलं ते पोलाद कागदावर फारच गोड आहे. पण चाकू हरवला तर दाजींना तो उसात शोधायला लागेल या हिशोबाने किंमत ठरवायची आहे.

३० जून २०२४

गावातल्या लोहारमामांकडे गेलो. ते गाडीच्या पाट्याचे कोयते करतात. पाटा म्हणजे बहुधा ईएन-४५, सिलिकॉन पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर.

त्यांचं पाणी पाजणं (तापवून एकदम गार करणं) बघत उभा राहिलो. कोयता भट्टीतून काढला तो पिकल्या टोमॅटोच्या रंगाचा. धारेची बाजू आधी तेलात, मग सगळा. त्यानंतर कुरुंदाच्या दगडावर एक पट्टा घासून चकचकीत केला आणि पाठीकडून परत गरम करायला लागले. घासलेल्या पट्ट्यावर रंग चालायला लागला : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग बदामी, मग जांभळा. जांभळ्यानंतर निळा दिसायला लागताच पुन्हा तेलात. शेवटी कानस फिरवली. "कानस घसरली तर फुटणार, चावली तर वाकणार. हिला थोडं कुरकुरायला पायजे." कानस कुरकुरली.

मी म्हटलं, मामा, घडीच्या चाकूला पाटाच वापरू का? ते म्हणाले, "कोयत्याला वजन आस्तंय, धार कमी चालली तरी वजन कापतंय. चाकूला वजन कुठनं आणणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटा चाकूच्या पात्यातून बाद. लॉकच्या पट्टीला मात्र तोच घेणार, तिथे स्प्रिंगच हवी.

१४ जुलै २०२४

पहिली चार पाती, ईएन-३१. मफल भट्टी ८४० वर, दहा मिनिटं भिजवून ६० अंशांच्या तेलात. चारही सरळ निघाली. खूश होऊन फळीवर ठेवली, टेंपरिंगची (ठिसूळपणा घालवायला परत थोडं तापवायची) भट्टी लावली आणि लाईट गेली.

पावसाळा आहे, येईल म्हणून चहाला गेलो. परत आल्यावर स्टुलावर बसलो असताना 'टिक' असा बारीक आवाज आला, काचेच्या बांगडीसारखा. तिसऱ्या पात्याच्या बुडाला चीर. लॉकच्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून निघून थेट पिव्होटच्या (पातं फिरतं त्या पिनेच्या) भोकापर्यंत.

चूक दुहेरी आणि दोन्ही माझ्याच. खाच कटिंग व्हीलने मारली होती, आतला कोपरा काटकोनात धारदार. सगळा ताण तिथे गोळा होतो, हे मी शिकाऊ पोरांना डायच्या बाबतीत रोज ओरडून सांगतो. दुसरं, पाणी पाजल्यानंतर पातं टेंपर न करता तासभर पडून राहिलं. विझवलेलं पोलाद आतून ताणलेलं असतं, ते तुमचा चहा होईपर्यंत थांबत नाही.

लाईट आली नाहीच. उरलेली तीन घरी नेऊन केकच्या ओव्हनमध्ये २०० वर दोन तास ठेवली. बायकोने नाक मुरडलं. तेलाचा वास दोन दिवस गेला नाही.

२१ जुलै २०२४

पुढच्या लॉटला खाचेच्या कोपऱ्यात आधी १ एमएमचं ड्रिल मारलं, मग खाच त्याला येऊन मिळवली. म्हणजे कोपऱ्याला अर्धा एमएम त्रिज्या आपोआप. पाच पाती, एकही चीर नाही.

रॉकवेल पहिल्या फटक्यात ५४ दाखवला आणि पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, उघड्या भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो. बुडाची जागा दोन्हीकडून ०.२ एमएम घासून पुन्हा मोजलं : २०० वर टेंपर केलेलं ६०, २२० वरचं ५९. त्यामुळे पाणी पाजण्याआधी धार पूर्ण काढायचीच नाही. ०.८ एमएम जाड ठेवायची आणि मऊ थर नंतर घासून काढायचा. नाहीतर नव्या चाकूची पहिली धार टिकत नाही आणि तीन-चारदा धार लावल्यावर तोच चाकू 'सुधारतो'. मलाही हे पूर्वी कोडं वाटायचं.

नंतरचं ग्राइंडिंग पाण्यात बुडवत. पात्यावर निळा डाग दिसला म्हणजे तिथला हार्डनेस गेला.

४ ऑगस्ट २०२४

गेल्या रविवारी पंचगंगेच्या पाण्यामुळे शेडला जाता आलं नाही. आज मात्र जे कळलं त्यासाठी आठवडाभर थांबलो तरी चाललं असतं.

डोक्यात होतं, दाजी उचकटणारच आहेत तर हार्डनेस उतरवू. मामांसारखा जांभळा-निळा रंग येईपर्यंत तापवू. एक पातं ३०० वर दोन तास. मोजलं, ५६. टोकाकडचं इंचभर व्हाइसमध्ये धरलं, गोणपाट गुंडाळलं, गॉगल लावला आणि पाइप घालून आडवं वाकवलं. साधारण १५ अंशांवर कट्ट करून गेलं.

वाटलं पात्यात चीर असेल. मग २२० वालं, ५९ चं पातं तसंच धरलं. ते २५ अंशांच्या आसपास गेलं आणि सोडल्यावर थोडं वाकलेलं राहिलं. आणखी ओढलं तेव्हा तुटलं. म्हणजे तीन मार्क जास्त कठीण असलेलं पातं जास्त सोसतंय!

संध्याकाळी धातुशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. ईएन-३१ सारखं पोलाद साधारण २५० ते ३५० अंशांत टेंपर केलं की कठीणपणा उतरतो आणि चिवटपणाही उतरतो. विझवल्यावर कण्यांच्या मधे थोडं न बदललेलं पोलाद उरतं, ते या पट्ट्यात फुटून पातळ कार्बाइडचे पापुद्रे होतात आणि चीर त्या पापुद्र्यांवरून घसरगुंडीसारखी धावते. मग मामांचा कोयता का फुटत नाही? पाट्यातलं सिलिकॉन. ते हे पापुद्रे उशिरा होऊ देतं, ठिसूळपणाचा पट्टा वरच्या तापमानाला ढकलतं. मामांना सिलिकॉन माहीत नाही, पण पाटा माहीत आहे. मी त्यांचा रंग उचलला आणि पोलाद भलतंच घेतलं.

वहीत लाल पेनने : ईएन-३१, टेंपर २०० ते २३०. त्याच्या वर जायचं नाही. आणखी सोसायला हवं असेल तर जाडी वाढवायची.

१८ ऑगस्ट २०२४

डी-२ ची तीन पाती एका पंचांच्या चार्जमध्ये व्हॅक्यूम भट्टीत फुकट बसवून घेतली. १०२० वरून गॅसमध्ये थंड, खवले नाहीत, काळेपणा नाही, बघत राहावं. ५९ सांगितलं होतं, ६१ आले. पंचवाल्यांना ६१ लागतात आणि पाती त्यांच्याच पंगतीत बसलेली, तेव्हा काय बोलणार.

काथ्याचा १२ एमएम दोर किचनच्या वजनकाट्यावर ठेवून कापत बसलो. ताजी धार ६ किलोच्या दाबात कापते, १२ किलो लागायला लागले की धार मेली असं धरायचं. ईएन-३१, ५९ : सुमारे १४० काप. डी-२, ६१ : सुमारे २००. खांदा भरून आला. डी-२ जिंकला असंच वाटलं.

मग पितळी सळई. धार सळईवर हलकी टेकवून सरकवायची, धार लवताना दिसते. ईएन-३१ लवला आणि परत सरळ झाला. डी-२ च्या धारेवर भिंगातून दोन ठिकाणी अगदी बारीक दात पडलेले.

१५ सप्टेंबर २०२४

गौरी-गणपतीनंतर तासगावला. महिन्यापूर्वी दाजींना दोन्ही चाकू दिले होते, मुठी तात्पुरत्या. डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची कलमं बांधणं नुकतंच संपलेलं. कलमाचा चाकू वेगळा असतो, पण पट्ट्या आणि सुतळ्या या चाकूंनीच कापल्या.

डी-२ ची धार करवतीसारखी. सगळ्यात मोठा दात जवळजवळ एमएमभर, अर्धचंद्रासारखा. मांडवाच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेला बांधलेली सुतळी ओढून कापताना चाकू तारेवर बसला. ईएन-३१ वरही तारेची खूण होती, पण ती चेपलेली. दगडावर दहा मिनिटांत गेली. डी-२ चा दात काढायला माझ्या बेल्ट ग्राइंडरवरही अर्धा तास गेला. दाजींच्या घरच्या पाथरीवर तो कधीच निघाला नसता.

ताईने विचारलं, एकाला दात पडतात, दुसऱ्याला का नाही? समोर नैवेद्याची उरलेली तिळाची वडी आणि शेंगदाण्याची चिक्की होती. दोन्हीत गूळच. वडी सुरीने पातळ कापता येते, तीळ बारीक. चिक्की कापायला गेलं की शेंगदाण्याशी फुटते. डी-२ मध्ये क्रोमियम कार्बाइडचे दाणे २०-३० मायक्रॉनपर्यंतही असतात. घासायला ते फार कठीण, म्हणून दोर जास्त कापला. पण ताज्या धारेचं टोक एक मायक्रॉनच्या आत असतं, तिथे शेंगदाणा मावायचा कसा? ईएन-३१ मधले दाणे अगदी बारीक.

डी-२ तीन मार्क उतरवला असता तर? ते पण केलं, ५२० वर दोनदा टेंपर करून ५८ वर आणलेलं दुसरं पातं. तारेवर दात छोटे पडले, पण पडले. शेंगदाणे तेच राहिले ना. डी-२ इथे संपला. डायला तो राजा आहे, राहू दे.

२९ सप्टेंबर २०२४

दाजींचा फोन. "तुझा चाकू तांब्याचा झालाय."

फोटो पाठवला. ईएन-३१ चं पातं टोकापासून अर्धं तांबूस, भांड्याला कल्हई करायच्या आधी असतं तसं. छाटणीनंतरची बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी चालू. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर मिश्रण बरोबर झालंय का ते बघायची जुनी पद्धत म्हणजे त्यात लोखंडी विळा बुडवायचा. तांबूस रंग चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवायचा, नाहीतर कोवळी पानं भाजतात. विळा घरी होता, खिशात चाकू होता.

रसायन सरळ आहे : लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. म्हणजे माझी धारच द्रावणात जातेय. वर तो ओला चाकू तसाच मिटून खिशात. दोन दिवसांनी उघडला तेव्हा खाचेत आणि पिनेभोवती गंज, लॉक अर्ध्यावर अडकलेला. उघडा चाकू पुसता येतो, घडीच्या चाकूचं पोट पुसता येत नाही. मी तीन महिने हार्डनेस आणि चिवटपणा यांच्यातच फिरत होतो. ओलाव्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही, पण 'तेल लावत जा' म्हटलं की झालं, असं धरून चाललो होतो. दाजी तेल लावणार नाहीत. कोणीच लावत नाही.

आणि डी-२ चं १२ टक्के क्रोमियमही इथे पुरलं नसतं. त्यातलं बरंचसं त्या शेंगदाण्यांतच अडकलेलं असतं, गंज अडवायला मोकळं राहतं ते कमी.

२० ऑक्टोबर २०२४

पुण्यात चाकू बनवणाऱ्या एका पोराकडून १४सी२८एन ची दोन फूट पट्टी मिळाली. स्वीडनचं पोलाद. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि ०.११ टक्के नायट्रोजन. रेझर ब्लेडच्या पोलादातून पुढे आलेलं घराणं, त्यामुळे दाणे तिळाचेच. कार्बन थोडा कमी करून नायट्रोजन घातला की क्रोमियम कार्बाइडमध्ये कमी अडकतं आणि गंज अडवायला मोकळं राहतं.

व्हिक्टोरिनॉक्सवाले आपली पाती ५५-५६ वरच ठेवतात आणि लोक ती कुठेही, कशावरही धार लावून वर्षानुवर्षं वापरतात. तिथे थांबायचा मोह झाला. पण ते पातं पातळ, काम हलकं. साल खरवडताना मातीचे कण धार खातात, तिथे ५५ पुरणार नाही. ठरवलं : ५९, फार तर ६०.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. स्टेनलेस फॉइलच्या पाकिटात पाती, १०६५ वर, दहा मिनिटं. काढून पाकिटासकट दोन जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यांत दाबली. मिनिटाभरात हात लावण्याइतकी गार आणि दाबल्यामुळे सरळ. तेलाचा धूर नाही, घरी कटकट नाही.

मोजलं, ५८. पुस्तकाप्रमाणे कमी. एवढ्या वर तापवलं की थोडं पोलाद न बदलता तसंच उरतं, त्याला आणखी गार करावं लागतं. कोल्हापुरात रविवारी संध्याकाळी शून्याखाली सत्तर कुठून आणायचे? शेवटी आठवलं, गावात गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायला येणाऱ्या डॉक्टरांकडे लिक्विड नायट्रोजनचं नळकांडं असतं, उणे १९६. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पात्यांकडे, मग हसत थर्माकोलच्या डब्यात लिटरभर ओतून दिलं. पाती आधी फ्रीझरमध्ये, मग हळूहळू डब्यात. फसफस थांबल्यावर अर्धा तास. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावर ६०.५. दोनदा २०० वर टेंपर : ५९.५.

डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. एक चाकू द्यायचा ठरलाय.

२४ नोव्हेंबर २०२४

पातं झालं, चाकू नाही. लॉकची पट्टी ईएन-४५, ४६ वर. पात्याइतकी कठीण केली तर स्प्रिंग तुटते. फार मऊ ठेवली तर नाकावर पात्याची खाच कोरली जाते आणि महिन्याभरात पातं डुलायला लागतं. पट्टी गंजेल ही भीती आहेच, पण ती जाड आहे आणि तिला धार नाही. पिन ५ एमएम, फॉस्फर ब्रॉन्झचे वॉशर ०.२ एमएम. वॉशरच्या बसणीवर दोन रविवार गेले. ते लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नाही, फक्त घासणं.

टोक पहिल्यापेक्षा जाड ठेवलं, शेवटच्या सेंटिमीटरमध्येही दीड एमएम. सफरचंद सोलायला घाणेरडं. दोर १३० काप, म्हणजे ईएन-३१ च्या किंचित मागे. पितळी सळईवर धार लवते आणि परत येते. गंजाच्या परीक्षेला मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात रात्रभर. सकाळी कोरलेल्या आकड्यात एक पिवळट ठिपका, बाकी स्वच्छ.

१२ जानेवारी २०२५

तासगाव. घड पाणी भरायला लागलेत, दाजी खुशीत. चाकू सात आठवडे वापरात. धारेवर तारेच्या दोन चेपा, टोक जागेवर, आडवा खेळ नाही. लॉकच्या खाचेत द्राक्षाच्या सालीचा भुगा भरलेला, काडीने काढला, खाली गंज नाही. ग्रोमेट? "काढलीत की. पंधरा-वीस."

मग तक्रार आली. नवा चाकू बोर्डो सांगत नाही. कधी ताज्या धारेवर पुसट छटा येते, कधी काहीच नाही, त्यामुळे चुना बरोबर झाला की नाही कळत नाही. मी म्हटलं, लिटमस कागद घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं बोललो नाही.

मोटारीच्या खोलीत गेलो तर खिळ्याला जुना ईएन-३१ चा चाकू टांगलेला, तांबूस, लॉक काढून टाकलेला, कायमचा उघडा. फवारणीच्या पिंपाशेजारी.